माल्टा किती तास लांब?

बालदोस्तांनो,

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही कुठे जाता? मामाकडे, आत्याकडे, फार तर अलिबागच्या समुद्रावर! आमच्या नागोठण्याच्या शाळेतली पाचवीतली एक मुलगी गेल्या वर्षी म्हणाली, "बाई, मी माल्टाला जाणार. बाबा तिथे हॉटेलात स्वयंपाकी आहेत. दोन वर्षं झाली त्यांना बघून."

झालं! सगळा वर्ग नकाशावर तुटून पडला. भूमध्य समुद्रात, सिसिली बेटाच्या खाली एक ठिपका सापडला. तोच माल्टा. क्षेत्रफळ जेमतेम ३१६ चौरस किलोमीटर, राजधानी व्हॅलेटा. मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ६,००० किलोमीटर. निळं पाणी आणि स्वच्छ ऊन यांसाठी जगभरचे लोक तिथे सुट्टीला येतात.

मग आम्ही फळ्यावर प्रवास आखला. समजा, विमान ५ नोव्हेंबरला पहाटे ४ वाजता सुटतं. "म्हणजे ५ तारखेला रात्री निघायचं," एकजण म्हणाला. फसला की गडी! तोवर विमान पोचलेलंसुद्धा असेल. परदेशाच्या विमानासाठी तीन तास आधी हजर राहायचं, शिवाय वडखळचा ट्रॅफिक. म्हणून ४ तारखेलाच लवकर जेवून निघायला हवं.

वाटेत विमान बदलायचं. सगळे मिळून १३ तास धरले, तर आपल्याकडे संध्याकाळचे ५ वाजतील. पण माल्टातलं घड्याळ दाखवेल दुपारचे साडेबारा! असं कसं? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपली वेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, माल्टाची १५ अंशांवरून. फरक ६७.५ अंश. त्याला १५ ने भागा. आले ना साडेचार तास? उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात, तेव्हा मात्र फरक साडेतीन तासांचाच.

आता सामान. आजीची लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत चालणार नाही. तिथे १०० मिलिलिटरच्या वर काही पातळसर नेऊ देत नाहीत. ती मोठ्या बॅगेत भरायची. पेढे तर घरीच ठेवायचे, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आपल्याकडून युरोपीय संघाच्या देशांत नेता येत नाहीत. चकल्या मात्र डबाभर!

सगळं जुळलं, आणि पासपोर्टचं घोडं अडलं. जन्मदाखल्यावर तिचं पाळण्यातलं नाव होतं, शाळेच्या रजिस्टरात हाक मारायचं. रजिस्टरवरून आधार कार्डावरही तेच गेलं. आणि पहिलीत ते नाव रजिस्टरात लिहिलं होतं कुणी? मी! घरच्यांनी सांगितलं, मी लिहिलं. दाखला मागून पाहिलाच नाही.

मग अर्ज, मंजुरी, आधारची दुरुस्ती. व्हिसाचा अर्ज निदान १५ दिवस आधी करावा लागतो, आणि इथे पासपोर्टच नव्हता! दिवाळी निघून गेली. बाबांनी ती तिकडे एकट्यानेच केली.

मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. आजी म्हणाल्या, "जाऊ द्या हो बाई, आम्हीच तसं सांगितलं." पण कागद बघणं हे माझंच काम होतं, नाही का? त्या मुलीने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता पासपोर्ट आला आहे. जायचं मे महिन्यात ठरतंय. परवा ती आपणहून म्हणाली, "बाई, मेमध्ये साडेतीनच तासांचा फरक. बाबा तासभर जवळ आले!"

तर दोस्तांनो, आज एक काम करा. आईकडून आपला जन्मदाखला मागून घ्या. त्यावरचं नाव, शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक दिसली तर उद्याच तुमच्या बाईंना किंवा सरांना सांगा. मुळीच घाबरू नका. चुका आमच्याही होतात!

तुमच्या,
बाई