आवड आणि आळस

‘ज्याची त्याची आवड’ एवढे तीन शब्द उच्चारले, की आपल्याकडे कोणताही वाद मिटतो. वाक्य मोठे उदार वाटते. ते बोलणारा सहिष्णु ठरतो आणि ऐकणाऱ्यालाही पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. पण ह्या उदारपणाची जरा झडती घेतली, तर त्याच्या खिशात पुष्कळदा निव्वळ आळस सापडतो. जॅझ संगीताविषयी आमच्या पांढरपेशा मराठी मंडळींत जे बोलले जाते, ते ह्या आळसाचे उत्तम उदाहरण होय. म्हणून त्याचा समाचार घेण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही केंद्र सरकारचे एक कारकून. बदलीने रायपुरास आलो आणि पुरानी बस्तीत, महामायेच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर बिऱ्हाड केले. आमच्यासारखीच घर सोडून आलेली पाचसहा मराठी माणसे दर रविवारी संध्याकाळी एकत्र बसतात आणि ख्याल, नाट्यपदे, भावगीते ऐकतात. मध्यंतरी एका तरुण सहकाऱ्याने सुचविले, की एखादी संध्याकाळ जॅझला द्यावी. लगेच तीन आक्षेप आले. पहिला, हा निव्वळ गोंगाट आहे. दुसरा, हे आपले नव्हे. तिसरा अर्थातच, ज्याची त्याची आवड. तुम्ही घरी ऐका. तिन्ही आक्षेप घेणाऱ्यांनी सबंध अशी एकही रचना ऐकलेली नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे.

‘हे आपले नव्हे’ हा आक्षेप आधी घेऊ. १९३५ साली लिऑन ॲबी ह्यांचा अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यांच्या पाठोपाठ ह्या वाद्यवृंदांत नाव काढले ते गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी शिकलेली ही मुले रात्री हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जात. त्यांपैकी अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, ह्यांचा ट्रम्पेट ‘अलबेला’च्या संगीतात वाजला. १९५१ च्या त्या चित्रपटाचे दिग्दर्शक व नायक भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा. संगीतकार पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. त्या गाण्यांवर आमच्या आजोबांच्या पिढीने ठेका धरला आणि आमच्या रविवारच्या बैठकीतले आक्षेपक आजही धरतात. ज्या वस्तूवर सत्तर वर्षे पाय थिरकले, तिचे नाव कळताच ती परकी कशी ठरते, हे कोडे आम्हांला उलगडलेले नाही.

‘गोंगाट’ हा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे, कारण त्याच्यामागे एक खरी अडचण आहे. आपला कान तंबोऱ्यावर घडलेला आहे. षड्ज एकदा लावला, की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. त्या स्थिर भूमीवर गायक हवा तसा विहार करतो. जॅझमध्ये बहुधा भूमीच सरकत असते. तीनचार स्वर एकत्र वाजवून उभा केलेला स्वरसमूह, ज्याला वादक कॉर्ड म्हणतात, दर काही मात्रांनी बदलतो आणि वादकाची उत्स्फूर्त बढत ह्या बदलत्या आधाराशी नाते ठेवून चालते. आपला कान एकच सूर धरून बसलेला असल्यामुळे त्याला ते भरकटणे वाटते. पण भरकटणे तेथे नसते. ‘ब्लूज’चेच पाहा. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंड मिळून सामान्यतः त्याचे एक आवर्तन होते. वादक कितीही दूर गेला तरी त्या आवर्तनाचा हिशेब ठेवूनच परततो. तबल्याच्या ठेक्यावर आवर्तने मोजणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. परंतु समजण्यासाठी आधी मोजावे लागते, आणि मोजण्यासाठी बसावे लागते. आमच्या बैठकीत नेमके तेवढेच कोणी करीत नाही.

आम्ही स्वतः बसलो आणि बसूनही पुष्कळ दिवस काही लागले नाही, हे सांगण्यात आम्हांला संकोच वाटत नाही. वाट सापडली ती माइल्स डेव्हिस ह्यांच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ ह्या ध्वनिमुद्रिकेत. तिच्यातील पहिली रचना बत्तीस खंडांची आहे. पहिले सोळा खंड एकच स्वरसप्तक चालते, पुढचे आठ खंड तेच सप्तक अर्ध्या स्वराने वर सरकते आणि शेवटचे आठ खंड पुन्हा मूळ जागी येते. आणि ते सप्तक कोणते? कोमल गांधार व कोमल निषाद असलेले, म्हणजे आपल्या काफी थाटाचे. हा काफी राग नव्हे, हे आम्ही जाणतो. तेथे ना पकड आहे ना चलन. पण सरकणारी भूमी येथे बराच वेळ स्थिर राहते, म्हणून आमच्या कानाला पाय टेकता आले. एकदा पाय टेकल्यावर पुढचे अर्ध्या स्वराचे सरकणे हा गोंधळ न वाटता एक घटना वाटू लागली.

आता दुसऱ्या बाजूचाही समाचार घेतला पाहिजे. जॅझ आवडणे हे सुसंस्कृतपणाचे प्रशस्तिपत्रक मानणारा एक वर्ग आहे. ‘तुम्हांला ते कळायचे नाही’ असे हा वर्ग मंद स्मित करून म्हणतो. हाही आळसच, फक्त इस्त्री केलेला. जॅझ कळणाऱ्यांत तरी एकमत कोठे आहे? १९४० नंतरच्या दशकात बीबॉप आला, तेव्हा जुन्या न्यू ऑर्लिन्स वळणाच्या चाहत्यांनी त्याला जॅझ म्हणण्यासच नकार दिला. पुढे ऑर्नेट कोलमन ह्यांनी ‘फ्री जॅझ’ काढला, तेव्हा बीबॉपवालेही बिथरले. आमच्या त्या तरुण सहकाऱ्यास कोलमन प्रिय आहेत; आम्हांस चार वेळा ऐकूनही ते रुचले नाहीत. आम्हांला एला फिट्झजेराल्ड ह्यांचे निरर्थक अक्षरांचे गाणे तराण्याच्या शेजारचे वाटते. त्यास ते गोडमिट्ट वाटते. ह्यावर आम्ही दोघे तासन्‌तास भांडतो. किराण्याच्या आलापीवर लुब्ध असलेला रसिक जयपूरच्या पेचदार तानेपुढे अवघडतो, म्हणून कोणी त्याला अडाणी म्हणत नाही. ज्याची त्याची आवड हे खरे वचन आहे, पण ते ऐकण्याच्या शेवटी शोभते. आरंभी उच्चारले, तर ते केवळ दार लावून घेण्याचे निमित्त ठरते.

आवड हुकमाने घडत नाही, हे आम्हां सरकारी नोकरांना तरी ठाऊक असावे. १९५२ ते १९६२ ह्या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे कळकळीचे कैवारी होते. त्यांच्या कारकीर्दीच्या प्रारंभी नभोवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओ सिलोन लावला. अखेर १९५७ साली सरकारला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. शास्त्रीय संगीतास नभोवाणीने दिलेला आश्रय मोलाचाच होता. परंतु दार बंद केल्याने घरातले गाणे अधिक प्रिय होत नाही, हा धडाही त्याच काळाने दिला.

ह्या सर्वांत आमचा जीव का अडकावा? कारण बदलीच्या गावी राहणाऱ्या माणसाची संस्कृती एका विशिष्ट रीतीने नासते. घर दूर असल्यामुळे तो घरच्या चार वस्तू घट्ट धरतो. त्या धरता धरता मूठ आवळते आणि नवे काही घेण्यास हात मोकळा राहत नाही. आम्ही अशी घरे पाहिली आहेत, जेथे वीस वर्षे छत्तीसगडात काढूनही पंडवानीचा एक प्रसंग कोणी ऐकलेला नाही. ह्याच रायपुरात १९२३ साली जन्मलेल्या हबीब तन्वीर ह्यांनी, सभ्य लोक नाके मुरडीत त्या ‘नाचा’च्या कलावंतांना रंगभूमीवर आणले आणि ‘चरणदास चोर’ उभे केले. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला गेले, ते आजारी अवस्थेत. पण तेथे त्यांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली आणि त्यांचे गाणे त्यातून नवे झाले. बेळगावच्या शोभा गुर्टू ठुमरीच्या सम्राज्ञी. त्यांचे पुत्र त्रिलोक तबल्यासह जॅझकडे गेले आणि १९८८ च्या त्यांच्या ‘उसफ्रेत’ ह्या ध्वनिमुद्रिकेत मातेचा आवाज आहे. आईची ठुमरी त्यामुळे बाटली, असे म्हणण्यास कोणी पुढे येईल काय?

तेव्हा परगावच्या मराठी मंडळांना आणि घरगुती बैठकांना आमचे मागणे मोठे नाही. दोन महिन्यांतून एक संध्याकाळ अशा संगीतास द्यावी, जे जमलेल्यांपैकी बहुतेकांना अद्याप आवडत नाही. ते जॅझ असो, पंडवानी असो वा कर्नाटक पद्धतीचे रागम्-तानम्-पल्लवी असो. एकच रचना तीन वेळा लावावी. नंतर ज्याला ती आवडली नसेल त्याने उठून कोठे आवडली नाही, का आवडली नाही, ते सांगावे. आम्ही ते आदराने ऐकू. कचेरीत कागद न वाचता त्यावर शेरा मारणाऱ्यास आपण सगळेच नावे ठेवतो. रविवारी संध्याकाळी आपण त्याहून वेगळे वागावे, एवढीच अपेक्षा.