यंत्रानं सरकी काढली, पण वेचलं कोणी?

अमेरिकेनं यंत्र आणलं म्हणून तिथं कापूस वाढला, गिरण्या उभ्या राहिल्या, देश श्रीमंत झाला, असं भाषणात अन् मोबाईलवर सारखं ऐकतो. हे अर्धंच खरं आहे. अन् अर्धं खरं लवकर पचतं, म्हणून जास्त घातक.

खरं आहे तेवढं आधी मान्य करतो. तिथल्या आखूड धाग्याच्या कापसाला सरकी घट्ट चिकटलेली. एक माणूस दिवसभरात हातानं जेमतेम अर्धा किलो रुई सोडवायचा. १७९३ मध्ये एली व्हिटनीनं जिनिंगचं यंत्र केलं अन् तेच काम दिवसाला वीस-बावीस किलोवर गेलं. उत्तरेत ऱ्होड आयलंडला १७९० मध्येच पाण्यावर चालणारी सूतगिरणी लागली होती. १८१४ मध्ये वॉल्थमला यंत्रमाग आले, पुढे लोवेल हे गिरण्यांचं गावच वसलं.

आता कापूसवाल्यांनी एकच विचार करा. जिनिंगनं सरकी वेगळी केली. पण बोंडातून कापूस वेचला कोणी? वेचणीचं यंत्र तिथल्या शेतात खऱ्या अर्थानं आलं १९४० नंतर! म्हणजे जिनिंग आल्यावरही दीडशे वर्षं सगळी वेचणी हातानंच. जिनचं पोट मोठं झालं, तसे त्यात भरायला हात जास्त लागले. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये ते चाळीस लाखांच्या घरात गेले. त्या काळात दहाएक लाख लोकांना जुन्या राज्यांतून कापसाच्या पट्ट्यात नेलं. लेकरू एकीकडं, माय दुसरीकडं. ज्या जमिनीवर नेलं, तिथून चोक्टॉ, क्रीक अशा मूळच्या लोकांना १८३० च्या कायद्यानं हुसकलेलं.

सॉलोमन नॉर्थप नावाचा स्वतंत्र माणूस पळवून लुईझियानात विकला गेला. बारा वर्षांनी सुटल्यावर १८५३ मध्ये त्यानं पुस्तक लिहिलं. त्यात तो दिवसाची साधारण वेचणी दोनशे पौंड सांगतो, म्हणजे नव्वद किलो. आपल्याकडं पन्नास किलो वेचणारी बाई हुशार समजतो आपण. कोणी म्हणेल, तिथलं बोंड मोठं होतं. होतं ना! मग रोज संध्याकाळी काट्यावर वजन करून, कमी भरलं की चाबूक कशाला लागत होता?

उत्तरेचे गिरणीवालेही हात झटकू शकत नाहीत. रुई तिथूनच यायची. वर ऱ्होड आयलंडच्या गिरण्या गुलामांच्या अंगावरचं जाडंभरडं कापड विणून परत दक्षिणेलाच विकायच्या. दोन्हीकडून कमाई.

यंत्राला माझा विरोध नाही. विरोध आहे तो हिशोबातून वेचणारा माणूस गाळण्याला. १८६० च्या सुमारास अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त पैसा एकट्या कापसाचा होता, अन् वेचणाऱ्याची मजुरी शून्य. याला यंत्राची प्रगती म्हणणाऱ्यानं एक दिवस कंबरेला ओटी बांधून तासात उतरावं. नखात बोंडाचं टोक घुसलं की मग बोलू.