सिलॅबसबाहेरचं वाचा की!

दोस्तांनो, परीक्षा जवळ आली की लायब्ररीत खुर्ची मिळत नाही आणि संपली की तिथे पंख्याशिवाय काही हलत नाही. तुम्ही वाचत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. नोट्स वाचता, गाइड वाचता, मोबाइलवर तर दिवसभर वाचतच असता. पण सगळं एकाच गल्लीतलं. कॉमर्सवाला विनोदाला हात लावत नाही, मराठी घेऊन बी.ए. करणारीला धंद्याचं पुस्तक आपलं वाटत नाही आणि इंजिनीअरिंगवाल्याला तर वेळच नसतो! मग इंटरव्ह्यूत अवांतर प्रश्न आला, की तिघंही सारखेच गप्प.

किर्लोस्करवाडीचं उदाहरण घ्या. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तर शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमीन नासेल. माल चांगला, पण गळी उतरवायचा कसा? हाच प्रश्न आज तुमच्या मार्केटिंगच्या पेपरात येतो, फक्त नांगराच्या जागी अ‍ॅप असतं. 1920 मध्ये याच कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' हे छोटंसं मासिक निघालं, संपादक शंकरराव किर्लोस्कर. कारखान्याची खबरबात गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणाऱ्या या मासिकाचं पुढे 'किर्लोस्कर' झालं. 1930 मध्ये 'स्त्री' आलं, मग 'मनोहर'. मराठी मध्यमवर्गानं कथा, विज्ञान, समाजसुधारणा यांवर घरात वाद घातले ते या मासिकांच्या जोरावर. ही गोष्ट मॅनेजमेंटच्या पुस्तकात अर्धी सापडते आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अर्धी. दोन्हीकडे डोकावणाऱ्यालाच ती पुरती कळते. ('झटपट श्रीमंत व्हा' छापाची पुस्तकं मी धंद्याच्या वाचनात धरत नाही. त्यात श्रीमंत होतो तो बहुधा लेखकच.)

भाषेचंही तसंच. शब्दकोश म्हणजे जाडजूड, कंटाळवाणा ग्रंथ हे कुणी सांगितलं? 'अर्ज' आणि 'नोकरी' आपल्याकडे फारसीतून आले, 'पगार' पोर्तुगीजांकडून. आपली म्हणायची ती फक्त मधली वाट बघणं! 'चावी' आणि 'बटाटा'ही पोर्तुगीजच. एवढं कळलं की 'शुद्ध मराठी' या विषयावरच्या वादविवाद स्पर्धेत तुमच्याकडे बोलायला काहीतरी असतं, नुसता आवाज नाही.

आणि विनोद वाचणं म्हणजे टाइमपास, असं वाटत असेल तर चिं. वि. जोशी आठवा. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांना जन्म देणारा हा माणूस पाली भाषेचा गाढा अभ्यासक होता. पु. लं.च्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला 1965 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही हसवणाऱ्या पुस्तकाला. समोरचा कसा बोलतो, कुठे अडखळतो, काय लपवतो, हे टिपायला विनोदी लेखकाचा कान लागतो. उद्या एचआरमध्ये जा नाहीतर वकिली करा, तोच कान कामाला येतो.

पुस्तकं महाग आहेत हे कबूल. पण कॉलेजात भरलेलं लायब्ररी डिपॉझिट नुसतंच पडून आहे. रद्दीच्या दुकानात जुने दिवाळी अंक किरकोळ पैशांत मिळतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईत सुरू झालेला मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे. या महिन्यात आपल्या शाखेशी काडीचा संबंध नसलेलं एक पुस्तक घरी न्या. वीस पानांत रंगलं नाही तर खुशाल परत करा, त्यावर पाच मार्कांचा प्रश्न येणार नाहीये!