घरातील बंदुकीची नळी

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील काही जुन्या मराठी घरांतून वडिलोपार्जित दुनळी बंदूक अजूनही जपलेली आढळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार मागे पडली आणि ही बंदूक बाहेर निघते ती बहुधा खंडेनवमीलाच. हळदकुंकू वाहावे, फूल ठेवावे आणि पुन्हा चामडी पिशवीत घालून वर्षभर विसरावे, असा परिपाठ. सांगावयास संकोच वाटतो, परंतु ओले कुंकू पोलादावर राहिले की त्याखाली गंज धरतोच. शिवाय चामडे ओल धरून ठेवते. पूजा अवश्य करावी, मात्र त्याच सायंकाळी बंदूक कोरडी पुसून, तेलाचा हात फिरवून कापडी गवसणीत ठेवावी.

नळीस हात लावण्यापूर्वी बंदूक उघडून दोन्ही कोठ्या रिकाम्या असल्याचे डोळ्यांनी पाहावे व बोटाने चाचपावे. काडतुसे त्या खोलीतही नसावीत.

आता खरा प्रश्न नळीच्या आतील मळाचा. जुनी काळी दारू म्हणजे सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात उरतो, आणि त्यातील क्षार हवेतील ओल शोषून पोलाद खातात. जुन्या काडतुसांच्या टोपीतील स्फोटक द्रव्यही मिठाचाच भाऊबंद असा एक क्षार मागे सोडते. यावर नुसते तेल चोळणे व्यर्थ. तेलात मीठ विरघळत नाही, हे कोणत्याही गृहिणीस ठाऊक असते. म्हणून अशा बारानंतर नळ्या दस्त्यापासून सोडवून मागील बाजूने उकळते पाणी ओतावे. पोलादास पाणी लावणे अनेकांस अधर्म वाटतो. परंतु पाण्याने क्षार धुतले जातात, आणि तापलेली नळी पुष्कळशी आपोआप वाळते. मग कोरड्या चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत फिरवाव्यात व शेवटी पातळ तेलाचा बोळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी घालावी; ती तांबूस निघाली तर सारे पुन्हा करावे. आजच्या धूरविरहित दारूच्या काडतुसांनंतर मात्र पाण्याची गरज नसते; बंदुकीचे द्रावक तेल व पितळी ब्रश पुरतो.

गज लाकडी किंवा पितळी असावा आणि मागून तोंडाकडे सरकवावा, म्हणजे मळ कळीत पडत नाही व तोंडाची कड झिजत नाही. पॉलिश कागद नळीत घालणे हे तर निव्वळ शत्रुत्व. नळीवर वेलबुट्टीसारखी नागमोडी नक्षी दिसली तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडविलेली असते. तीत आजचे काडतूस जाणत्या कारागिराने तपासल्याविना घालू नये.

बंदूक तोंड खाली करून ठेवल्यास तेल लाकडी दस्त्यात झिरपत नाही. बार काढण्याचा प्रसंग आलाच तर आधी तेल पुसावे आणि नळीतून उजेडाकडे पाहावे. कुंभारीण माशी अशा बिळांत मातीचे घर हटकून बांधते, आणि तेवढ्या अडथळ्यानेही नळी फुटते.