जट सुटते, धाक सुटायला हवा

एखाद्या बाईच्या डोक्यात जट आली, की ‘यल्लम्मा आली’ म्हणतात. फणी बाजूला पडते आणि जटेला हळद-कुंकू वाहिले जाते. वास्तविक केसाच्या अंगावर बारीक खवले असतात. रोज गळणारे ५० ते १०० केस विंचरून काढले नाहीत, तर ते इतर केसांत अडकतात. त्यावर तेल, धूळ, भंडारा बसतो. बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या मला हा हिशेब ओळखीचा वाटतो. थकीत कर्जावर व्याज चढावे, तसा हा गुंता वाढतो.

जट कोवळी असेल, तर खोबरेल लावून बोटांनी बटा वेगळ्या कराव्यात आणि टोकाकडून मुळाकडे मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरावे. हौसेने जटा राखणाऱ्यांनी खुशाल राखाव्यात. मात्र मुळाशी बटा एकमेकींत मिसळू देऊ नयेत आणि धुतल्यावर पूर्ण वाळवाव्यात. दगडासारखी घट्ट जट मात्र कात्रीनेच जाते. केस कापताना दुखत नाही, रक्तही येत नाही.

अडते ते कोपाच्या भीतीपाशी. जटेच्या निमित्ताने मुली सौंदत्तीच्या देवीला सोडल्या जात. त्या प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली कायदा झाला. धाक तरीही उरला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी अनेक स्त्रियांच्या जटा काढल्या, त्या आधी घरच्यांची समजूत घालून. वाचकहो, कात्री सगळ्यांच्याच घरी असते. शेजारच्या बाईजवळ बसून तिची भीती ऐकून घेण्याएवढी सवड तेवढी आपण काढली पाहिजे.