छंदालाहि गुरु हवा

छंदाला गुरु कशाला, असें पुष्कळ गृहस्थ म्हणतात. उत्तर कसारा-इगतपुरीच्या थळघाटांत आहे. तेथें लोहमार्गास ३७ फुटांमागें १ फूट चढ. जड गाड्यांस मागून जादा एंजिनें लागत आलीं. सायकलस्वाराला मागून लोटणारें कोणी नाहीं. पायथ्याशींच जोर खर्चिला, कीं अर्ध्या घाटांत धाप लागते. गुरु बळ देत नाहीं, तें राखावयास शिकवितो: चढापूर्वींच हलका गियर घ्यावा, बोलतां येईल इतकाच वेग ठेवावा, श्रमाच्या दिवसामागून विश्रांति घ्यावी. नाशिकच्या महाजन बंधूंनीं डॉक्टरकी सांभाळून २०१५ सालीं अमेरिका ओलांडणारी शर्यत जोडीनें पुरी केली, ती काय नुसत्या उत्साहावर? पन्नाशीच्या गृहस्थानें पंचविशीच्या शिक्षकापुढें धाप लपवूं नये. घरीं त्याची वाट पाहणारीं माणसें असतात.