‘पिण्यास योग्य’, पण जस्ताचे काय?



पाण्याच्या अहवालावर ‘पिण्यास योग्य’ असा शेरा पडला की ग्रामपंचायतीपासून घरमालकापर्यंत सगळे निर्धास्त. वळसंगच्या एका घरमालकाच्या हाती या आठवड्यात असाच अहवाल पडला. पीएच, क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, सगळे रकाने भरलेले. सकाळच्या पहिल्या धारेला पाणी तुरट लागते, त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. तो तुरटपणा जस्ताचा तर नाही ना, असे विचारले तर उत्तर आले, ‘ते आमच्या यादीत येत नाही.’

उत्तर खरे आहे, चीड येते ती त्याचीच. जलजीवन मिशनने जिल्हा प्रयोगशाळांना ज्या 13 मूलभूत तपासण्या नेमून दिल्या त्यांत आर्सेनिक आहे, सल्फेट आहे, ई-कोलाय आहे. जस्त नाही. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक 10500 मात्र जस्ताची मर्यादा ठळक छापते: लिटरला 5 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 15. मर्यादा छापायची आणि मोजायचे नाही, हा कुठला कारभार?

जस्त काही विष नव्हे, असे कुणी म्हणेल. कबूल. हगवण लागलेल्या लेकराला आशाताई ओआरएससोबत 14 दिवसांच्या झिंकच्या, म्हणजे जस्ताच्याच, गोळ्या देतात; शेतकरी उसाला पदरमोड करून झिंक सल्फेट घालतो. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा एवढेच म्हणते की 3 मिलिग्रॅमच्या वर पाणी लोकांना रुचणार नाही. पण घरातल्या नळाला जस्त येते कुठून? बहुतेक वेळा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांतून. त्या मुलाम्यात शिसे आणि कॅडमियमचा अंश असू शकतो आणि त्यांच्या मर्यादा आहेत 0.01 आणि 0.003 मिलिग्रॅम! जस्त हा या टोळीतला चुगलखोर. नेमकी त्याचीच साक्ष कुणी घेत नाही.

नमुना घेण्याची तऱ्हा तर विचारूच नये. माणूस येतो, नळ दोन-चार मिनिटे मोकळा सोडतो, मग बाटली भरतो. जंतूंच्या तपासणीला ते ठीक. धातू शोधायचा तर रात्रभर पाइपात साचलेले पहिले पाणी हवे, आणि ते तर मोरीतून वाहून गेलेले असते. बाटलीत नायट्रिक अॅसिड घालून पीएच 2 च्या खाली आणावा लागतो, नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला धरून बसतो. मग धातू मोजणारे अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनचे महागडे यंत्र जस्ताच्या 213.9 नॅनोमीटरवर कितीही चोख वाचो, आकडा कमीच निघणार. अमेरिकेत फ्लिंट शहराने 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, तेव्हा तिथल्या रहिवाशांनाही नमुन्याआधी नळ सोडून ठेवायला सांगितले होते. पाइपांतले शिसे घराघरांत पोहोचले, कागदावर मात्र सारे आलबेल.

1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या विहिरीचे पाणी प्यायले, ती विहीर वळसंगातच आहे. इथल्या माणसाला पाण्याचा हक्क नव्याने शिकवावा लागत नाही. त्याची मागणीही फार मोठी नाही. अहवालावर जस्ताचा रकाना असू द्या. तपासले नसेल तर ‘तपासले नाही’ असे स्वच्छ लिहा. शेरा मारायचाच तर ‘तपासलेल्या 13 घटकांपुरते योग्य’ असा मारा. जिथे जुने जीआय पाइप आहेत, तिथला वर्षातून एक पहिल्या धारेचा नमुना, अॅसिड घातलेल्या बाटलीत, ज्या प्रयोगशाळेत ते यंत्र आहे तिथे पाठवा.

  

— एक वाचक, वळसंग (ता. दक्षिण सोलापूर)